ग्राफिक्स कार्ड आणि राहून गेलेला रकाना

प्रिय धाकट्या,

मी, तुझा थोरला भाऊ, वय वर्षे पंचावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागाचा प्रमुख, हे पत्र एका ग्राफिक्स कार्डाच्या निवडीविषयी लिहीत आहे. माझी ओळख तुला करून देण्याची गरज नाही, हे मी जाणतो. परंतु लिहिणारा कोण आणि हेतू काय हे आरंभीच स्पष्ट असावे, ही माझी खोड तू आजवर सोसलीच आहेस. कार्ड घेतले, बसवले आणि ते उत्तम चालते आहे. आता सविस्तर.

गेल्या महिन्यात तुझ्या बायकोने फोनवर सांगितले की, पक्षाघाताच्या झटक्यानंतर तुझ्या उजव्या हाताला अजून जोर नसला, तरी तू डाव्या हाताने कॉम्प्युटरवर ट्रक चालवायला शिकला आहेस. "सकाळी दोन तास ते त्या ट्रकातच असतात, दादा. चहासुद्धा केबिनमध्ये नेऊन द्यायचा!" असे म्हणून ती हसली. किती दिवसांनी तिचे हसू ऐकले! मी खेळाचे नाव अक्षर-अक्षर लिहून घेतले आणि तो माझ्या कॉम्प्युटरवर चढवला. हा कॉम्प्युटर सहा वर्षांपूर्वी पत्रे आणि तक्ते करण्यासाठी घेतलेला. त्याच्यावर ट्रक धावत नसे. ट्रकाचे एक छायाचित्र दिसे, थोडी विश्रांती, मग दुसरे. पहिल्याच वळणावर मी शेतात गेलो, आणि गेलो हे मला शेतात पोहोचल्यावर कळले. चौकशीअंती निष्पन्न झाले की, बाकी यंत्र ठीक आहे, चित्र रंगवण्याचे काम करणारे वेगळे कार्ड मात्र त्यात नाही.

खरेदी हा माझा प्रांत. गरज आधी कागदावर मांडली: खेळ हलकाफुलका, पडदा साधा, स्पर्धेत उतरायचे नाही, खर्च आवाक्यातला. तीन दुकानांकडून दर मागवले आणि नऊ रकान्यांचा तुलनात्मक तक्ता केला. किंमत, मेमरी, पंखे, हमीचा काळ, सगळे काही. वापरलेले कार्ड स्वस्त मिळत होते. पण आधीच्या मालकाने ते किती राबवले याचा दाखला कोणी देईना, म्हणून ते बाद केले. चार जीबीचे आज पुरेल, उद्या अपुरे पडेल. आठ जीबीचे एक दोन पंख्यांचे कार्ड मेमरीच्या मानाने सर्वांत परवडणारे ठरले. तुझी वहिनी तक्ता बघून म्हणाली, "माझ्या चष्म्याची काच बदलायला सहा महिने लावलेत, आणि याला आठ दिवसांत नऊ रकाने?" मी तक्त्याची घडी करून ती खिशात घातली.

ते कार्ड मी ताठ मानेने घरी आणले, कॉम्प्युटरचे झाकण काढले आणि पाहतो तो काय, कार्ड आत जाईना. डब्यापेक्षा दोन बोटे लांब! शिवाय त्याला वेगळी वीजजोडणी हवी होती आणि माझ्या यंत्रातून तशी वायरच निघत नव्हती. बावीस वर्षे मी हाताखालच्या लोकांना बजावत आलो आहे की, आधी जागा मोजा, मग माल मागवा. माझ्या तक्त्यात लांबीचा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी कार्ड आणि तक्ता दोन्ही घेऊन दुकानात गेलो. तिथे दुरुस्ती पाहणाऱ्या बाई तिशीच्या असतील, अंबाड्यात स्क्रू ड्रायव्हर खोचलेला. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "काका, कागद फार सुरेख केलाय हो. पण यात तुमचा कॉम्प्युटर कुठाय?" आणि हसल्या, "जा, उचलून घेऊन या त्याला. तो काय मागतो ते बघू." मी रिक्षाने कॉम्प्युटर घेऊन गेलो. त्यांनी पट्टीने आतली जागा मोजली, वीज किती मिळते ते पाहिले, आणि कपाटातून एक बुटके, एका पंख्याचे, सहा जीबीचे कार्ड काढले. जिथे बसवायचे त्याच खाचेतून ते वीज घेते, वेगळी वायर लागत नाही. माझ्या तक्त्यात ते सातव्या क्रमांकावर होते. त्यांनी पहिले कार्ड कुरकुर न करता परत घेतले, आणि निघताना वर सल्ला दिला, "चित्राचा दर्जा मध्यम ठेवा. लोक उगाच सगळं टोकाला नेतात आणि मग अडकलं की कार्डाला शिव्या घालतात."

आता ट्रक लोण्यासारखा धावतो. या वयात मी गाडी मागे घेऊन माल उतरवायच्या फलाटाला अचूक लावतो, हे मी अभिमानाने नमूद करतो. पडद्यासमोर बसलो की आपल्या शाळेमागचे ते व्हिडिओ गेमचे दुकान आठवते. तू उंच स्टुलावर, पाय लोंबते, आणि मी तुझ्या मागे उभा राहून कानाशी "डावीकडे! अरे डावीकडे!" तुझा डाव लवकर संपे आणि मी म्हणे, माझे ऐकले नाहीस म्हणून. मी पाणी प्यायला गेलो की मात्र तू टप्प्यामागून टप्पा पार करायचास. दुकानदार म्हणालाही होता, "या थोरल्याला बाहेर बसवा रे, धाकटा विक्रम करील." मी तो विनोद समजलो होतो.

इकडची खबर ठीक आहे. तिकडची मला तुझ्या बायकोकडून कळते, कारण दर रविवारी सकाळी फोन तीच उचलते. "ते झोपलेत." "ते अंघोळीला गेलेत." एखादा माणूस सलग तेरा रविवार साडेदहाच्या ठोक्याला अंघोळीला जाऊ शकतो, हे मी तत्त्वतः मान्य करतो. तरी मागच्या रविवारी मी तिला सरळ विचारले. ती म्हणाली, "दादा, रागावू नका. तुमचा फोन आला की ते उठून आत जातात. तुम्ही येऊन गेलात ना, त्या दिवसापासून."

तो दिवस मी आता पुन्हा तपासला आहे. तू हात धुऊन आलास आणि टॉवेल मागताना तुझ्या तोंडून "खिडकी" असा शब्द गेला. टॉवेल माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. तुला काय हवे ते मला कळले होते, आणि तरीही मी तो दिला नाही. "खिडकी नव्हे, टॉवेल. म्हण, टॉवेल," असे मी तीन वेळा म्हणालो, तुझ्या बायकोसमोर. तू ओले हात सदऱ्याला पुसलेस आणि आत गेलास. मी परतीच्या वाटेवर समाधानात होतो की, आपण सराव करून घेतला. धाकट्या, ती माझी चूक होती, आणि तिला माझ्याकडे कोणतेही स्पष्टीकरण नाही. हे फोनवर सांगितले असते तर तुला उत्तर द्यावे लागले असते, म्हणून लिहिले. या पत्रालाही उत्तर नको. तो खेळ इंटरनेटवरून दोघांना एकत्र खेळता येतो, हे मी पाहून ठेवले आहे. शनिवार, २३ नोव्हेंबर रोजी सकाळी दहा वाजता मी त्या खेळातल्या बंदराच्या फाटकापाशी निळा ट्रक घेऊन उभा असेन. तू न आलास तर त्यापुढच्या शनिवारी, आणि त्याच्याही पुढच्या. माल कुठे न्यायचा ते तू ठरव. तू पुढे चाल, मी मागून येतो. तू भलत्याच रस्त्याला वळलास, तर मी हॉर्न वाजवणार नाही; मीही वळेन.

तुझाच,
दादा

स्थळ : घर
दिनांक : गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४