आपट्याचं पान आणि वाळवंटातले लुटारू

हर्नडन, दसऱ्याची संध्याकाळ

मंडळातून येऊन तास झाला, तरी डोकं तापलेलंच आहे. रिटायर्ड इंजिनिअर देशपांडेकाकांनी सगळ्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. पिवळ्या कागदाचंच, इथे अमेरिकेत आपटा कुठला! वर मुलांना सांगितलं, ‘आपले पूर्वज आज सीमा ओलांडून मोहिमेवर जायचे आणि सोनं लुटून आणायचे.’ टाळ्या!

मग मला विचारलं, ‘तुझी पीएचडी कशावर गं?’

म्हटलं, ‘अरबी वाळवंटातल्या टोळ्यांवर, काका, शंभर वर्षांपूर्वीच्या. इंग्रजांनी त्यांच्या विहिरींपाशीच चौक्या बांधल्या. टोळ्यांनी छापे घातले, तर इंग्रजांनी विमानांतून बॉम्ब टाकले.’

‘म्हणजे लुटारूच की! बंदोबस्त नको करायला?’

अहो, वाटायच्या पानांचा गठ्ठा अजून हातात होता त्यांच्या! आणि मी काय बोलले? हसून ‘हो ना काका’ म्हटलं. का म्हटलं यार? चार वर्षं हेच वाचतेय ना मी?

आत्ता ते पान फेकायला म्हणून पर्समधून काढलं, आणि हात थांबला. दसऱ्याचं सोनं कचऱ्यात कसं टाकायचं? शेवटी देवापाशी ठेवलं. लुटीचं असलं, तरी आपल्या लुटीचं.