वाचणंही विकत मिळतं म्हणे

ता. २ ऑगस्ट

आधी तक्रार, मग आशीर्वाद. फोटोत तुझ्या गळ्याची हाडं दिसतात. काकूने तो फोटो मोबाइलवर बोटांनी ताणून मोठा केला आणि वर म्हणाली की पोरगी किती सडपातळ झाली, छान दिसते. सडपातळ म्हणे. माणसांची मापं घेण्यात माझा जन्म गेलाय. सडपातळ कोण आणि उपाशी कोण, हे मला टेप न लावता कळतं. तुझ्या खानावळीचे पैसे घरून वेळेवर जातात, काकाच्या मागे लागून मीच ते पाठवायला लावते. मग ते जातात कुठे? फोनवर विचारलं की तू नुसतं हं हं करतेस, आणि मला त्या यंत्रात निम्मं ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. पत्रात हं हं करता येत नाही.

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद. घे, दिले.

इकडे सगळे बरे. माझं मशीन अजून खिडकीशीच आहे. समोरच्या बँकेतले कारकून एकेक करून पँटी कमरेत सैल करायला आणतात. सगळं जग रुंद होत चाललंय आणि तू एकटी उलट्या दिशेने निघालीस.

काका म्हणतो की पोरीने शिकायचं तेवढं शिकून झालं. छापखान्यात त्याने एक खुर्ची तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय. प्रुफं तपासायची, गिऱ्हाइकांशी बोलायचं, घरचं खायचं. महिनाअखेरीस तो स्वतः येऊन तुला सामानासकट आणणार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तुझ्या उत्तरावर ठरवीन, तेव्हा खरं लिही.

कागद काकाच्या रद्दीतला आहे. मागे मलमाची जाहिरात आहे, ती वाचत बसू नकोस.

आजी

ता. ९ ऑगस्ट

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. मलमाची जाहिरातही वाचली. गुडघ्यांना ते चांगलं दिसतंय, घेऊन बघ.

खरं लिहायचं तर पैसे लेखांवर गेले. माझा विषय तुला ठाऊक आहे. बायका मत देतात ते स्वतःच्या मनाने की घरातल्या पुरुषाच्या सांगण्यावरून, हे मी शोधतेय. स्वतः काही लिहिण्याआधी इतरांनी काय शोधलंय ते वाचावं लागतं. ते लेख इंटरनेटवर असतात, पण पुष्कळांना कुलूप असतं. वरचा एक परिच्छेद दाखवतात, आणि पुढचं वाचायचं तर पैसे भरा म्हणतात. पूर्वी कॉलेज सगळ्यांच्या वतीने वर्गणी भरायचं. यंदा ती बंद केली. मग मी एकेक लेख विकत घेत गेले आणि एक वेळचं जेवण सोडत गेले. तुला कळू नये म्हणून फोनवर हं हं करत होते.

माझ्या खोलीतली मुलगी म्हणते की तिला पुष्कळसं फुकट मिळतं, कुठून ते दाखवते. मी बघायलाही गेले नाही. फुकटचं अंगावर घालायचं नाही आणि ताटात घ्यायचं नाही, हे तूच आम्हाला शिकवलंस ना? शेजारच्या काकूंनी दिलेला तो पिवळा फ्रॉक तू इस्त्री करून परत पाठवला होतास, ते मी विसरलेले नाही.

प्रबंधाचं दुसरं प्रकरण महिनाअखेरीला द्यायचंय. माझ्या मार्गदर्शक बाईंनी स्पष्टच सांगितलं की आधीचं वाचन त्यात दिसलं नाही तर नोंदणी रद्द होईल. तेव्हा काकाचंही अगदीच चुकत नाही. छापखान्यात निदान वाचायचे पैसे पडत नाहीत.

तुझा राग थोडा उतरला असेल अशी आशा धरणारी,
भिंगरी

ता. १४ ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद. राग उतरलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

नियम माझा, मूर्खपणा तुझा. त्या फ्रॉकचं तुला काय कळलं होतं? त्या बाईला फ्रॉक द्यायचाच नव्हता. आपल्या पोरीचा जुना फ्रॉक तुझ्या अंगावर गल्लीभर मिरवायचा होता. म्हणून परत पाठवला. इस्त्री केली ती तिची जिरवायला. त्याचा आणि तुझ्या लेखांचा संबंध काय? लेख काय कुणाच्या अंगावरचे उतरवलेले असतात?

आणि मला एक सांग. तू जे पैसे भरलेस ते लिहिणाऱ्याला मिळतात का? त्याने राबून लिहिलं असेल तर त्याचे त्याला मिळाले, मी बोलणार नाही. पण तू हे विचारलं तरी होतंस का कुणाला? तुमच्या कॉलेजात पुस्तकं सांभाळायला कुणीतरी बसत असेल. तिच्याकडे जा आणि हातातलं सगळं तिच्यापुढे ठेव. विचारणं म्हणजे घेणं नव्हे.

तुझ्या विषयाबद्दल मी काय सांगणार? तुझे आजोबा दर मतदानाच्या सकाळी चहा घेता घेता मला चिन्ह समजावून सांगायचे. मी मान हलवायची. मान हलवलेली पेटीत मोजत नाहीत, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

काकाला महिनाअखेरपर्यंत थोपवलाय. त्याने तिकीट काढून ठेवलंय आणि कपाटातल्या तुझ्या जागेत काकूने तिची बोचकी कोंबली होती तीही काढून घेतलीत. तेव्हा घाई कर. दोन्ही वेळा जेव. हा लोभ नाही, हुकूम आहे.

आजी

ता. २१ ऑगस्ट

ती. आजीस सा. न. वि. वि.

हसायचं नाही अशी आधी शपथ घे, मग वाच.

आमच्या ग्रंथपाल बाई जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या टेबलावर मी विकत घेतलेले लेख ठेवले. त्यांनी पहिल्याचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं. पहिल्यांदा आलं ते कुलूपवालं पान. त्याच्याखाली बारीक अक्षरात सगळ्या प्रती असं काहीतरी लिहिलेलं होतं, तिथे बाईंनी दाबलं. तोच लेख लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात लेखकाने स्वतः ठेवलेला निघाला, कुणीही वाचावा म्हणून. दुसरा तसाच. तिसऱ्याच्या नियतकालिकाला तर कुलूपच नव्हतं, मी पैसे भरले ते तोच लेख विकणाऱ्या भलत्याच दुकानात. मी खानावळीला जाण्याऐवजी घेतलेल्यांपैकी दोनच काय ते खरोखर बंद होते. बाकी सगळे उघड्यावर पडलेले होते. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली आणि मी ती खाल्ली, तेव्हा त्याबद्दलही काय बोलायचं ते बोलून घे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की लिहिणाऱ्याला त्यातलं सहसा काहीच मिळत नाही. उलट आपलं लिहिलेलं लोकांनी वाचावं म्हणून बिचारे ते स्वतःच ठिकठिकाणी ठेवतात.

मग बाईंनी मला आख्खी सकाळ दिली. जी नियतकालिकं सगळ्यांना मोकळी आहेत त्यांची एक मोठी सूची असते. लोकांनी पदवीसाठी लिहिलेले प्रबंध विद्यापीठं उघडे ठेवतात, आणि प्रबंधांच्या शेवटी आणखी कुठे काय वाचायचं त्याचा पत्ता असतो. विधिमंडळात कोण काय बोललं ते शब्दन् शब्द मिळतं. मतमोजणीचे आकडे, जनगणनेचे तक्ते, सगळं सरकारच मांडून ठेवतं. मोठमोठ्या पाहण्यांची मूळ माहितीसुद्धा मिळते. फक्त तुम्ही कोण आणि कशाला हवी, ते लिहून द्यायचं. मी इतके दिवस खिडकीच्या काचेतून आत बघत होते, आणि दार शेजारीच उघडं होतं.

पण माझ्या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा लेख मात्र कुठेच उघडा नाही. परदेशातल्या एका प्राध्यापक बाईंचा आहे. ग्रंथपाल बाई म्हणाल्या की त्यांनाच ईमेलवर पत्र टाक, लेखक आनंदाने पाठवतात. पत्र तयार आहे. पाठवायला हात होत नाही. अनोळखी माणसाच्या दारात हात पसरून उभं राहिल्यासारखं वाटतं. आजी, तू पाठवलं असतंस का?

दोन्ही वेळा जेवणारी,
भिंगरी

ता. २५ ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद.

शपथ घेतली नव्हती, म्हणून हसले. मशीनवर बसल्या बसल्या इतकी हसले की बँकेतल्या साहेबाच्या पँटीची शिवण वाकडी गेली आणि ती उसवावी लागली. काकूने विचारलं काय झालं, तर सांगितलं की आपल्या घरात इतकी मानी पोरगी निपजली आहे की ती वाऱ्याचंही बिल मागेल.

ग्रंथपाल बाईंची पोळी खाल्लीस ते बरं केलंस. त्याबद्दल बोलणार नाही.

पण उघड्यावर पडलंय म्हणून सगळं उचलू नकोस. फुटपाथवर स्वस्तातला कपडा घेतेस तेव्हा मी काय करते? उलटा करून शिवण बघते. तसं बघ. लिहिणारा कोण, कुठे काम करतो, कुणाला विचारून लिहिलंय. नुसतं चकचकीत दिसतं म्हणून भुलू नकोस. तुझ्या काकाच्या छापखान्यात पैसे दिले की काहीही छापून मिळतं, मलमाने म्हातारपण जातं हेसुद्धा.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. मी पाठवलं असतं का? मुळीच नाही. मी हेकट आहे. माझ्यासारखी होऊ नकोस, घरात एक पुरे. त्या प्राध्यापक बाईंना सरळ लिही की मी अमुक, माझं काम अमुक, तुमच्या लेखाशिवाय अडलंय. गयावया करू नकोस आणि त्यांची भाटगिरीही करू नकोस. दिला तर वाच. नाही दिला तर त्यांचा लेख त्यांच्याजवळ, आपलं नाक आपल्याजवळ.

एक मात्र आहे. इतक्या लोकांचं फुकट वाचलंस तर तूही काहीतरी त्यांच्यासारखं उघड्यावर ठेव. काय ठेवायचं ते तू बघ, मला तुमच्यातलं कळत नाही. पण नुसतं घेऊन बसायचं नाही. माझा नियम एवढाच शिल्लक आहे.

आजी

ता. ३१ ऑगस्ट

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र पाठवलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, लेखासकट. वर त्यांनी त्यांच्या पाहणीचे न छापलेले तक्तेही जोडले होते. लिहिलंय की हा लेख बऱ्याच दिवसांत कुणी मागितला नव्हता, बरं वाटलं. मी दोनदा जेवले आणि तिसऱ्यांदाही जेवले असते.

प्रकरण काल दिलं. मार्गदर्शक बाईंनी माझ्यासमोर बसून वाचलं. एका पानाशी थांबल्या, पेन्सिलीने खूण केली, आणि म्हणाल्या की पुढच्या प्रकरणाला लाग. नोंदणी राहिली, आजी.

खूण केलेलं पान तुझं होतं. विषयासाठी भेटलेल्या बायकांशी मी जे बोलले ते त्यात आहे, आणि मान हलवण्याबद्दल तू पत्रात लिहिलंस तेही मी घातलंय, एका शिंपीकाम करणाऱ्या बाईचं म्हणून. नाव नाही, गाव नाही. तुला न विचारता घातलं याबद्दल कान धर. तू नको म्हटलंस तर काढते. आणि हो म्हटलंस तर ही सगळी बोलणी, ज्या बायकांची हरकत नाही त्यांची, मी त्या मोकळ्या भांडारात ठेवणार आहे. तू म्हणाली होतीस ना, काहीतरी ठेव.

प्राध्यापक बाईंना तुझं पान पाठवलं होतं. त्यांनी विचारलंय की त्या बाईच्या नवऱ्याला कधी कळलं का.

काकाचा निरोप आला की तो शनिवारी निघतोय. मी काय सांगू?

तुझीच,
भिंगरी

ता. ४ सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद. कान धरलाय असं समज.

ठेव माझं बोलणं. पण शुद्ध करू नकोस. शहाण्या माणसाचं वाटावं म्हणून माझ्या तोंडी भारी शब्द घातलेस तर मला कुणीतरी वाचून दाखवेलच, आणि मग बघ.

आजोबांना कळलं होतं का? त्यांनी कधी विचारलं नाही. शेवटच्या निवडणुकीला तर चहाही त्यांनीच केला आणि चिन्हाचं काही बोलले नाहीत. यावरून काय ते त्या बाईंना समजू दे. माझ्या संसाराबद्दल याहून जास्त माहिती फुकट मिळणार नाही.

काल ग्राहक कमी होते, म्हणून छापखान्यात जाऊन आले. तुझ्या खुर्चीवर बसून पाहिलं. तिथून फक्त भिंत दिसते. काकाला सांगितलं की तिकीट रद्द कर आणि या खुर्चीवर काम हवं असलेल्या दुसऱ्या कुणाला बसव, पोरगी तिचं शिकणं पुरं करणार आहे. तो म्हणाला की तुम्हीच दोघी ठरवता, मला कोण विचारतं. मी म्हटलं, बरोबर ओळखलंस. तेव्हापासून फुगून बसलाय. जेवतो मात्र पोटभर.

तुला तो लांबलचक पत्र लिहायला घेणार आहे. कागद काढून बसलाय, चांगला कोरा, रद्दीतला नाही. त्यात घराचं नाव, छापखाना, त्याचं वय आणि माझे गुडघे, सगळं येईल. ते वाच. रडू आलं तर रड. पण त्याला उत्तर तू द्यायचं नाहीस. पत्र इकडे धाड, त्याला उत्तर मी देईन. तू त्या प्राध्यापक बाईंना उत्तर लिही, आणि ते आजच.

आजी