डोक्यातलं जस्त

२ जानेवारी
सोलापूरहून अव्वाचा फोन. लेकासाठी मुलगी बघितली म्हणे! अक्षता. तिथंच नवी पेठेत वडिलांचं कापडाचं दुकान. फोटो आला. लई वेळ बघत बसलो. खोलीतला बिभीषण म्हणाला, "फोटो खातोस काय आता?" आमच्याच सोलापूरकडचा, मोहोळचा आहे — तरी जळतो!

४ जानेवारी
घोटाळा! अक्षताचे वडील शंकरप्पा म्हणतात, पोरगं तिकडं कच्छात जस्ताच्या कढईवर, तो धूर मेंदूत जाणार, पुढं येडं होणार. अव्वा रडवेली — "न्हायतरी तुला एका जागी बसवत न्हाय. चढला की काय धूर?"

लहानपणापासूनच बसवत नाही मला! शाळा त्यानंच सुटली. कढई तर आत्ता आली. लोखंडी खांब वितळलेल्या जस्तात बुडवायचे, वर काढायचे, मग गंज चढत नाही. आवडतं मला. हालतं काम!

पण रात्री मनात आलंच — खरंच येडा झालो तर? आणि हे स्थळ गेलं तर?

५ जानेवारी
कंपनीच्या डॉक्टरांना विचारलं. हसले. "अरे, जस्त तुझ्या मेंदूत आधीपासूनच आहे!"

मी डोकं चाचपलं.

मेंदूतल्या पेशी म्हणे एकमेकींना निरोप धाडतात. काही पेशी निरोपाच्या रसायनासोबत कणभर जस्तही सोडतात — समोरची उगीच भडकू नये म्हणून. कमी पडलं तरी वाईट, जास्त झालं तरी वाईट.

म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेतला नंदीध्वज की! ती उंच काठी एकजण कंबरेला लावून पेलतो, भोवतीचे जस्तासारखे तोल सांभाळतात. नाहीतर गर्दीवरच यायचा!

"आणि धूर?" धुरानं थंडी-ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. रक्तातनं मेंदूत शिरायला मात्र दारात राखणदार आहेत, येईल त्याला सोडत नाहीत. "म्हणून छाती ताणू नकोस. मास्क काढून तंबाखू मळताना दिसलास तर मीच हाकलीन."

दिवसभर मास्क लावला. बिभीषण — "नवरदेव झाकला!"

१२ जानेवारी
रजा मंजूर!!

१७ जानेवारी, सोलापूर
बघण्याचा कार्यक्रम झाला. उप्पीट यायच्या आधीच शंकरप्पांनी विचारलं, "डोकं ठीक हाय का?" मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं नंदीध्वजापासनं सुरू केलं. उभाच राहिलो, कंबरेला ध्वज लावल्यासारखा. अव्वा सदरा ओढते, "बस की रे!" तेवढ्यात अक्षता चहा घेऊन आली. तिला म्हणालो, "तुमी जस्त. हितं माझ्या बाजूला थांबा." ती थांबली. ट्रे घेऊन! चहा पार निवला.

शंकरप्पा खो-खो हसले. "असला बोलका माणूस दुकानात पायजे. गिऱ्हाईक हालायचं न्हाय!"

अक्षताशी नीट बोलायचं राहिलंच. असू दे. जन्मभर बोलायचंय.

२१ जानेवारी, कच्छ
होकार आला! बिभीषणाला पेढे चारले. कढईजवळ नाचलो, मुकादम ओरडला, "पडशील बाबा आत!"

२३ जानेवारी
अक्षताचा फोन. पहिलाच.

"होकार बाबांचा हाय. मला अजून कुणी विचारलंच न्हाय."

 मग मी विचारलं, "तुमचा हाय का होकार?"

"सांगते की," म्हणाली, आणि फोन ठेवला.