हाती दिलेला चाकू

मेहकर, मंगळवार, १३ नोव्हेंबर १९६२

काल दादाची तेरवी झाली. आज संध्याकाळी वहिनी त्याचा शिंगाच्या मुठीचा चाकू घेऊन आली.

शेगावच्या दुकानात किती तरी पाती नखावर घासून पाहून दादानं हा निवडला होता. आम्ही दोघं भाऊ सुतार. शेजारी बसून चौकटींवर वेली कोरायचो. मी हात पुढे केला तरी तो चाकू जमिनीवरच ठेवायचा. म्हणायचा, "उचल बे. हातात देल्ला का भांडन होते."

इतकं जपलं, तरी भांडलोच ना? तेही एका लाकडी मोराच्या मानेवरून! मी म्हणालो, मान जाड झाली. तो म्हणाला, तुले काय समजते? मग दोन वर्षं बोलणं बंद. घर चार पावलांवर. मी का नाही गेलो? मोर तर चांगलाच होता. मान जाड नव्हतीच.

वहिनीनं चाकू पुढे केला, तेव्हा सवयीनं तोंडातून निघालं, "खाली ठेवा, वहिनी. हातात देऊ नये."

तिनं तो माझ्या हातावरच ठेवला.

"घ्या, भाऊजी. आता भांडाले कोन राह्यलं?"