गच्चीचा तह

३ जानेवारी
परिसंवादासाठी निबंध घेतला आहे: राष्ट्रांमधली कायमची शांतता. मूळ प्रश्न साधा. राष्ट्रांच्या डोक्यावर पोलीस नाही, मग दिलेला शब्द पाळायचा कशासाठी? काही म्हणतात भीतीपोटी, काही स्वार्थापोटी. माझं उत्तर: सचोटीपोटी. उद्यापासून रोज दोन पानं.

५ जानेवारी
पान एकही नाही. वरच्या मजल्यावर दादा खुर्च्या सरकवतो. मुद्दाम.
उन्हाळ्यात त्याने गच्चीला कुलूप घातलं, तेव्हापासून अबोला. म्हणे वाऱ्याने दार आपटतं. किल्ली त्याच्या दाराबाहेर खिळ्याला असते. हवी तेव्हा घे म्हणतो. म्हणजे मालकी कुणाची झाली?

८ जानेवारी
आईचा निर्वाणीचा इशारा. रविवारी दोघं एका टेबलावर जेवा, नाहीतर मी ताईकडे चालले, कायमची. तुमचे निरोप पोचवून माझे गुडघे गेले, म्हणाली.
मला आनंदच झाला. सिद्धांताला प्रयोगशाळा मिळाली.

९ जानेवारी, दुपार
तहाचा मसुदा तयार. कलम एक: उभयपक्ष मनात काहीही राखून ठेवणार नाहीत. पळवाट ठेवून केलेला तह म्हणजे नुसतं दम खायला थांबणं. वाक्य जमलंय. निबंधातही घेतलं.
बायको म्हणाली, त्यापेक्षा वर जाऊन दादा अशी हाक मारा की. तिला प्रक्रिया कळत नाही.

१० जानेवारी
दादाने न वाचता सही केली. निरोप: प्रोफेसर, चहाला ये.
न वाचता दिलेली संमती ही संमतीच नव्हे. कागद परत पाठवला. वहिनीने बिस्किटं पाठवली होती. खाल्ली. याचा अर्थ मान्यता असा होत नाही.

११ जानेवारी
कागद पुन्हा खाली. दुसरी सही आणि शेरा: वाचलं. झोप छान लागली.
अशा माणसावर विश्वास ठेवायचा कसा? खिळ्यावरची किल्ली घेऊन बाजारात गेलो, दुसरी करून आणली, पहिली जागच्या जागी. हे तहाविरुद्ध नाही. तहाच्या संरक्षणासाठी आहे. किल्लीवाला म्हणाला, जोर लावू नका.

रविवार, सकाळ
किल्ली फक्त तपासून पाहायला वर गेलो. अर्धी फिरली. जोर लावला. तुटली.
जिन्यात पावलं. दादा, हातात स्क्रूड्रायव्हर, मागे आई. कडीकोयंडाच काढून टाकायला आला होता, तिच्यादेखत. त्याने वाकून कुलपात पाहिलं, मग माझ्या हातातल्या तुकड्याकडे. म्हणाला, प्रोफेसर, हे कितवं कलम? मी म्हणालो, हा सुरक्षेचा प्रश्न आहे.
तो खाली गेला. दार आपटलं. वारा नव्हता.
आईही खाली उतरली. बॅग भरायला गेली.

३० जानेवारी
निबंध वाचला. सचोटीच्या भागाला टाळ्या. घरी कुणी विचारलं नाही.

२ फेब्रुवारी
ताईकडून आईचा फोन. बोलता का रे आता एकमेकांशी? हो म्हणालो. ती म्हणाली, दादाही हो म्हणाला.
वर पोलीस नाही, बळजबरी नाही, तरी आमचं एकमत. पहिलंच. निबंधात घालायला हवं होतं.
मग आई म्हणाली, असं कर, जरा त्याच्याकडे दे फोन.
फोन घेऊन अर्धा जिना चढलो. वर खुर्ची सरकली. तिथेच थांबलो.
रेंज जातेय, असं सांगून ठेवून दिला.