यमू म्हणाले

मुलुंड, बुधवार, दिवेलागण

उद्या सकाळी यांच्या घशाचं ऑपरेशन. गाठीबरोबर आवाजही जाणार, डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं. बावीस वर्षं शाळेत कविता शिकवणारा माणूस!

मी कॉटशी टॉवेलच्या घड्या घालत होते. तेवढ्यात यांनी हाक मारली, "यमू."

माझं माहेरचं नाव. लग्नात बदललं, आणि हे तर कायम नुसतं "अगं" म्हणायचे. यमू! लक्षात होतं यांच्या?

"काय हवंय?" मी विचारलं.

"काही नको गं. एकदा म्हणून घेतलं."

रडू दिसू नये म्हणून व्हरांड्यात पळाले. परतले तर भेटीची वेळ संपलेली, नर्सने दारातूनच वळवलं; सकाळी भेटीच्या वेळेआधीच यांना आत नेणार म्हणाली. साधी ओसुद्धा दिली नाही मी. आता कितीही दिली तरी हाक कोण मारणार?