वरचे रीळ, खालचे रीळ

वडील आतल्या खोलीतून विचारायचे, "कोण आलं गं?" आणि आम्ही दोघी बहिणी दारात बूट काढता काढता म्हणायचो, "मी." "मी म्हणजे कोणती?" "मीच!" तेही दोघी एकदमच. मग आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, कोणती का असेना, हात धुवायला सांगा तिला." एवढेच व्हायचे, आणि रोज व्हायचे. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. त्यांनी ते सांगितले, मी ऐकले, आणि तसेच राहू दिले.

तर मी, रेडिओवरची निवृत्त निवेदिका, एका ध्वनिमुद्रकाची पत्नी, आता विधवा, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. कोणी गळ घातलेली नाही, कोणी दटावलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. एका बाबतीत ते ठिकाणावर नाही, ते शेवटच्या कलमात येईल. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी एका रिळाला बेधडक "माझा आवाज" म्हटले होते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या भाचीला द्यावे. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. मला मूल नाही आणि तिला सध्याचा घरमालक सोसवत नाही. झोपायच्या खोलीतल्या कपाटाला आतून जाड घोंगड्या ठोकलेल्या आहेत. त्या काढायला माझी हरकत नाही, पण काढण्याआधी तिने एकदा आत उभे राहून स्वतःचे नाव घ्यावे. आमचे हे म्हणायचे, उघड्या खोलीत आवाज आधी भिंतींच्या गाठीभेटी घेतो आणि मग माणसाकडे जातो. कपाटात तो थेट जातो. नव्या संसारातल्या कितीतरी संध्याकाळी मी कोटांच्या बाह्या गालाला लावून तिथे ह्यांच्या मायक्रोफोनपुढे उभी राहून वाचले आहे.

२. बँकेतले सगळे भाचीलाच. किती आहे ते मला विचारू नये. ते मला कधीच नीट कळलेले नाही.

३. ह्यांची अवजारे, म्हणजे दोन मायक्रोफोन, फीत कापायचा ठोकळा, ब्लेडे आणि कानावरचे फोन, ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या संस्थेला द्यावीत. फीत वाजवायचे यंत्र मात्र यात धरू नये. अवजारांबरोबर ह्यांची शिकवणही पोचवावी, कारण ती कुठे लिहिलेली नाही. मायक्रोफोन तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी हवा, म्हणजे "प" आणि "भ" त्याच्यावर फुंकर मारत नाहीत. तरी मारलीच, तर त्याच्यापुढे एक पेन्सिल उभी बांधावी. आवाजाच्या तळाशी जो घुमारा साचतो तो थोडा काढावा आणि शब्दांच्या कडा असतात तो मधला भाग थोडा उचलावा. हळू आणि मोठे यांतले अंतर कमी करावे, पण इतके नाही की माणूस इस्त्री केल्यासारखा वाटेल. संगीताने बोलणे सुरू व्हायच्या आधी मान खाली घालावी, बोलणे सुरू झाल्यावर नव्हे. शेवटी सगळे एका स्वस्त रेडिओवर लावून स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडावा. पाण्याच्या आवाजातून जे वर येईल ते पास. "ऐकणारा बिचारा भांडी घासत असतो," हे म्हणायचे. "त्याच्या हाताला साबण आहे. त्याने कान टवकारावे अशी अपेक्षा ठेवू नये."

४. केंद्रावरच्या मोठ्या साहेबांनी निरोपाच्या वेळी दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांना परत करावे. त्यांनी माझ्या बातम्यांना प्रतिध्वनी जोडला होता, भारदस्त वाटावे म्हणून. विहिरीत पडलेली बाई मदत मागते आहे असे वाटायचे. मी तक्रार केली तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्हाला तांत्रिक गोष्टी कळायच्या नाहीत." घड्याळ चालू आहे. मी त्यांना माफ केलेले नाही.

५. आता रिळे.

केंद्रावरून रोज सकाळी जे "सुप्रभात, उठलात का?" ऐकू येते, ते आमच्या घरातले. अजूनही तेच लावतात. ते ध्वनिमुद्रित करायचे होते तेव्हा माझा एकटीचा आवाज ह्यांना पातळ वाटत होता, आणि माझी धाकटी बहीण बेबी आमच्याकडे राहायला आली होती. ह्यांनी आम्हा दोघींकडून ते वाचून घेतले, आधी एक, मग दुसरी, आणि एका आवाजाखाली दुसरा घातला, जरासा हलका आणि किंचित मागे. त्यामुळे आवाजाला अस्तर लागल्यासारखे झाले. नळ सोडला तरी शब्दन् शब्द वर.

"वर कोणाचा आहे?" बेबीने तिथल्या तिथे विचारले.

"ते विचारायचं नाही," हे म्हणाले. "विचारलंत की शोधाल. शोधलंत की दोन ऐकू येतील. मग माझी मेहनत पाण्यात."

दोघींची वेगवेगळी रिळे त्यांनी जपून ठेवली. एकावर "वर" लिहिले, दुसऱ्यावर "खाली". नाव कोणाचेच नाही.

पुढे बेबी लग्नात, बारशात, जिथे जाईल तिथे सांगायची, "सकाळचा आवाज माझा हं." मी हसायचे आणि घरी येऊन ह्यांच्यावर चिडायचे. हे गेले तेव्हा उत्तरही गेले.

मागच्या वर्षी बेबीच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. ती जगली, आवाज गेला. भाचीच्या फोनमध्ये तिचे बोलणे आहे, पण ते आजारपणातले, घोगरे. तिचा धडधाकट आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला आहे, या दोन रिळांपैकी एकात. तो मला तिला द्यायचा आहे. आणि कोणता ते मला कळत नाही.

मी "वर" लावले आणि म्हटले, ही मी. "खाली" लावले आणि म्हटले, ही मी. दुसऱ्या दिवशी दोन्हींत बेबी. भाचीला बोलावले.

"ही आई," ती ठामपणे म्हणाली. मग दुसरे ऐकले. "नाही गं मावशी, ही आई. थांब, पहिलं परत लाव. अगं, तू मध्ये बोलू नकोस ना, तू बोललीस की आणखी गोंधळ होतो!"

एक फरक होता. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मोठ्याने वाचायला शिकवले तेव्हा मी नाकाने श्वास घ्यायला शिकले. बेबी शिकली नाही. ती तोंडाने घ्यायची, छोटासा "हां" करून, पाण्यात उडी मारायच्या आधी घेतात तसा. त्यावरून कोणीही ओळखले असते. पण सफाईसाठी ह्यांनी ब्लेडने सगळे श्वास कापून टाकले होते. आवाज उठून यावा म्हणून त्यांनी नेमके तेच काढले, ज्यावरून तो कोणाचा हे कळले असते. ह्यांच्यावर रागवावे की काय करावे, तेही मला कळत नाही.

शेवटी बेबीलाच बोलावले. तिने डोळे मिटून दोन्ही ऐकली, मग पाटीवर लिहिले, "दोन्ही तू."

"वेडी आहेस का? दोन्ही तू," मी म्हटले.

तिने "दोन्ही तू" खाली रेघ मारली. मग आणखी एक रेघ. लग्नाकार्यात आवाजावर हक्क सांगणारी हीच ती! मी रडले, ती हसली. हसण्याला आवाज नाही, फक्त खांदे हलतात.

वकीलबाईंनी विचारले, "कलमात काय घालू? कोणतं रीळ कोणाला?" मी बरेच दिवस त्याच्याशी झगडले. डोके अजूनही चालत नाही, पण कायद्याच्या भाषेतच एक वाट दिसली, ती अशी.

यातले जे रीळ बेबीचे आहे, ते तिचेच असल्याने मला देता येत नाही. ते तिला आधीपासूनच मिळालेले आहे. जे माझे आहे, ते मी तिला देते. म्हणजे कोणते कोणाचे हे ठरवायची गरज कोणालाही उरत नाही, न्यायालयालाही नाही. दोन्ही रिळे आणि ती वाजवायचे यंत्र माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. पाटीवर काहीही लिहून तिने ती परत करू नयेत. ती माझ्याआधी गेली तर दोन्ही भाचीला. बेबी असेल तर भाचीने यंत्राचा पट्टा बदलून घ्यावा, आईजवळ बसावे, आणि जे रीळ आधी हाताला लागेल ते आधी लावावे.

स्थळ: राहते घर
दिनांक: ९ मार्च

सही: निवेदिका (बेबीची ताई)

आमच्यासमोर सही केली, आणि करताना त्या शुद्धीवर व बोलक्या होत्या:
साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले
साक्षीदार २: त्यांचे दात बघणाऱ्या डॉक्टरबाई